चार बोटं फुटपाथ

"तुम्ही दुरुस्त केलेल्या रस्त्यावरून तुम्ही स्वतः कधी चालता का?"

पुटपुटने हा प्रश्न विचारला आणि शाळेच्या सभागृहात अशी शांतता पसरली, की मागच्या रांगेत कोणीतरी हळूच गोळीचा कागद सोलत होतं तोसुद्धा ऐकू आला. मुख्याध्यापिकांच्या भुवया कपाळाच्या पार टोकाला जाऊन पोचल्या. मंचावर बसलेल्या इंजिनिअर बाईंनी पाण्याचा पेला उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

खरं तर प्रश्न पुटपुटचा नव्हताच. शहरातले रस्ते आणि फुटपाथ नक्की कोण सांभाळतं, हे सांगायला रस्ते खात्याच्या बाई शाळेत येणार हे कळल्यापासून मैत्रिणींच्या टोळक्याची खलबतं चालू होती. टोळक्याची म्होरकी, जिला सगळे पुढारीण म्हणत, तिने पैज लावली होती. पुटपुटने हा प्रश्न उभं राहून, माईकवर, एकही शब्द न गिळता विचारला, तर पुढचा आठवडाभर तिचं दप्तर बाकीच्यांनी आळीपाळीने वाहायचं.

पुटपुट हे नाव तिला पाचवीत चिकटलं होतं. उत्तर येत असायचं, पण ते ओठांच्या आतल्या आत विरून जायचं, आणि वर्गाच्या बाई म्हणायच्या, काय पुटपुटतेस, मोठ्याने बोल. मग गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात ऐन वेळी माईक बंद पडला, आभार मानायचं काम नेमकं तिच्याकडे होतं, आणि घाबरून तिने जे बोलायला सुरुवात केली ते थेट शाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐकू गेलं. त्या दिवशी तिला शोध लागला की आपल्याला आवाज आहे, आणि तोही चांगला दणदणीत. तेव्हापासून ती थांबली नव्हती. नाव मात्र तेच राहिलं. हत्तीला कोणी छोटू म्हणावं तसं.

इंजिनिअर बाईंनी पेला खाली ठेवला.

"चालते की. परवाच आपटले. गुडघा दाखवू?"

सभागृह हसून फुटलं. मुख्याध्यापिकांच्या भुवया जागेवर आल्या. पैज जिंकून झाली होती, पुटपुटने आता खाली बसायला हरकत नव्हती. पण बाईंनी उलट विचारलं, की तू कुठे आपटलीस ते सांग, आणि तिथेच सगळं बदललं.

"मी नाही मॅडम. माझे आजोबा."

आणि मग पैजेत नसलेलं सगळं बाहेर पडलं. तिचे आजोबा निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं पायी हिंडलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी जिन्यावरून उतरून, "मी जरा जाऊन येतो," एवढं सांगून कोपऱ्यावरच्या बाकड्यापर्यंत जायचे, तिथल्या म्हाताऱ्या मंडळींबरोबर अख्ख्या जगाची झाडाझडती घ्यायचे आणि जेवायला परत यायचे. सात महिन्यांपूर्वी घरासमोरच्या फुटपाथवरची एक फरशी पायाखाली डुगडुगली आणि आजोबा पडले. हाड मोडलं नाही. मनगट मुरगळलं, ते महिन्याभरात बरं झालं. पण त्या दिवसापासून ते खाली उतरले नव्हते. पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसून असायचे. कोणी आग्रह केला की म्हणायचे, ज्या रस्त्याने मला चाळीस वर्षं सांभाळलं त्यानेच पाय ओढला, आता आमचं बोलणं बंद आहे.

हे ऐकून कोणी हसलं नाही. बाईंनी फक्त एकच विचारलं: ती फरशी रस्त्याच्या कडेपासून किती लांब आहे? पुटपुटला ते माहीत नव्हतं.

"मोजून ये," बाई म्हणाल्या. "कडेच्या दगडापर्यंतचं माझं. त्याच्या आतला एक फूटही माझा. त्यापुढे भिंतीपर्यंत फुटपाथ खात्याचं. कोणाची आहे ते कळलं, की कोणाला बोलायचं ते कळतं."

घरी मोजपट्टीची काय कमी. पुटपुटचे बाबा शिंपी. खाली दुकान, वर घर. गळ्यात टेप नसेल तर बाबांना कपडे घातल्यासारखंच वाटत नसे. त्यांनी हातातला कोट बाजूला ठेवला आणि लेकीबरोबर फुटपाथवर उकिडवे बसून माप घेतलं, तेही एखाद्या गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं, दोनदा, कडेला खडूची खूण करून. वर खिडकीतून आजोबा बघत होते. त्यांना यात काहीही रस नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी वर्तमानपत्र धरलं होतं, फक्त ते उलटं होतं.

फरशीची डुगडुगती कड कडेच्या दगडापासून फुटाच्या जेमतेम पुढे निघाली. आता मजा बघा. रस्ते खात्याच्या कागदावर त्या फुटपाथची रुंदी तेरा फूट. त्यातला कडेचा एक फूट त्यांचा, भिंतीकडचे बारा फुटपाथ खात्याचे. दोघांचाही हिशोब चोख. पुटपुट शाळा सुटल्यावर एका कचेरीत गेली, तिथून दुसरीत, तिथून परत पहिलीत. फुटपाथ खात्यातले चष्मेवाले साहेब फार सज्जन होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, नकाशा उलगडून दाखवला आणि बारा फुटांत ती डुगडुगती कड बसत नाही हे इतक्या प्रेमाने समजावलं, की तिला त्यांच्यावर रागावताही येईना. रस्ते खात्यातला कारकून म्हणाला, एका फुटात बसत नाही. तिसऱ्या खेपेला पुटपुटने दोघांनाही सांगितलं, की मग तुम्ही शनिवारी दहा वाजता तिथे येऊन आपापली हद्द खडूने आखून द्या, म्हणजे आम्ही तुमच्या हद्दीत पडायचं की नाही ते ठरवू. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. आईने मात्र ताटं पुसता पुसता हसू दाबलं.

शनिवारी दोघंही आले. इंजिनिअर बाई सायकलवरून, चष्मेवाले साहेब नकाशाची सुरळी काखेत मारून. साहेबांनी भिंतीपासून बारा फूट मोजून रेघ मारली. बाईंनी कडेपासून एक फूट मोजून रेघ मारली. आणि दोघंही कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

दोन रेघांच्या मध्ये चार बोटं जागा उरली होती. कोणाचीच नसलेली.

डुगडुगणाऱ्या फरशीची कड बरोबर त्या चार बोटांवर टेकलेली होती. बाईंना मग आठवलं, की फार वर्षांपूर्वी रस्ता थोडा अरुंद केला, तेव्हा कडेचे दगड त्यांच्या फूटभर पट्ट्यासकट उचलून रस्त्याकडे सरकवले होते. कागदावर सरकवायचे राहून गेले. मधल्या फटीत कोणीतरी माती लोटली, फरश्या ओढूनताणून वर टेकवल्या, आणि ती माती इतकी वर्षं निमूटपणे खचत राहिली.

बाबा दुकानाच्या दारातून बघत होते. त्यांना राहवेना.

"आम्ही शिंपी याला माया म्हणतो," ते म्हणाले. "शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात ना, ते. पण आम्ही ते कोणाच्या तरी कोटात सोडतो. रस्त्यावर नाही."

बाई खळखळून हसल्या. त्यांनी वही काढली आणि ती चार बोटं आपल्या खात्याच्या नावावर लिहून टाकली. चष्मेवाल्या साहेबांनी एखाद्याच्या मुलीचं लग्न ठरावं तशी त्यांच्याशी हातमिळवणी केली आणि सबंध पट्टा उखडून नीट बसवायला आपली माणसं द्यायचं कबूल केलं.

पुढच्या शनिवारी सकाळी मुकादम आले. टोळीचे प्रमुख. वाळक्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, आणि शब्द असे मोजून वापरणारे, की जणू ते त्यांना घरून डब्यात बांधून दिलेले असावेत. बरोबर तिघे गडी, दोन पहारी, घमेली, वाळू, पातळी बघायची पाणसळ, दोरीचं रीळ आणि एक लाकडी हातोडा, ज्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. पुटपुटला सुट्टी होती. ती सकाळपासून त्यांच्या पायात पायात. हे काय, ते कशाला, दोरी दोन्ही टोकांना सारख्या उंचीवर का नाही. या शेवटच्या प्रश्नावर मुकादमांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं, की फुटपाथ सपाट नसतोच. रस्त्याकडे तो किंचित झुकलेला लागतो, नाहीतर पाणी कुठे जाणार, तुझ्या बाबांच्या दुकानात?

त्या गल्लीतल्या फरश्या जुन्या, हाताने घडवलेल्या दगडाच्या. एकीसारखी दुसरी नाही. कोणी दोन बोटं लांब, कोणी तिरकी, कोणी एका कोपऱ्यात जाड. म्हणून मुकादम एकेक फरशी उचलायच्या आधी तिच्यावर खडूने आकडा घालत. एक, दोन, तीन, असं एकतीसपर्यंत. मग ती भिंतीशी उभी. बसवताना आकड्याबरहुकूम परत. तीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं आणि तीस वर्षांत एकही फरशी चुकीच्या घरी गेली नव्हती.

दुपारी टोळी डबे खायला पलीकडच्या सावलीत गेली. जाताना मुकादम पुटपुटला म्हणाले, "लक्ष ठेव पोरी. कोणी हात लावायला नको."

हात कोणी लावणार नव्हतं. पण पुटपुट बसून राहणाऱ्यांतली उरली नव्हती. तिने भिंतीशी उभ्या त्या फरश्यांकडे बघितलं. चिखलाने, धुळीने माखलेल्या. तिच्या मनात आलं, इतकं छान काम चाललंय आणि या बिचाऱ्या अशा पारोशा बसणार? तिने वरून बादली आणली, घासणी आणली. पुढारीण आणि मंडळी तमाशा बघायला आली होती, त्यांनाही कामाला जुंपलं. अर्ध्या तासात एकतीसच्या एकतीस फरश्या आरशासारख्या लखलखीत. पुढून, कडांवरून, कोपऱ्यांतून. शेवटची पुसताना ती चक्क गाणं गुणगुणत होती.

मुकादम परत आले. फरश्यांसमोर उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, जणू तिथे काही सापडेल, आणि परत घातली.

"आकडे कुठे गेले?"

पुटपुटच्या हातात ओलं फडकं होतं. तिने फडक्याकडे बघितलं. त्यावर पांढरट डाग होते. एक ते एकतीस, सगळे त्यात. गेल्या वर्षभरात कमावलेला सगळा आवाज घशातून उतरून थेट पायाच्या अंगठ्यात जाऊन बसला. मैत्रिणी एकेक करत दुकानाच्या आत सरकल्या.

"मी धुतल्या," ती पुटपुटली. होय, पुटपुटलीच.

मुकादम ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वाळूच्या ढिगावर बसले आणि म्हणाले, की तीस वर्षांत आपल्या फरश्या चोरायला लोक आले, त्यांवर बसून पत्ते खेळायला आले, एकदा एक बकरी येऊन उभी राहिली, पण धुवायला कोणी आलं नव्हतं. नाहीतर आकडे खालच्या बाजूला घातले असते. आता एकेक लावून बघायची म्हणजे तीन दिवस. आणि टोळी सोमवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार होती. म्हणजे काम अर्धवट, वर पत्रे टाकून, परत नंबर लागेपर्यंत. महिना, दोन महिने, कोण जाणे.

पुटपुटने वर बघायचं टाळलं. खिडकीत कोण आहे हे तिला माहीत होतं, आणि आपण त्यांचे आणखी दोन महिने फडक्याने पुसून टाकले हेही.

एका गड्याने अंदाजाने एक फरशी उचलली आणि दुकानाच्या पायरीसमोर ठेवली.

"ती तिथली नव्हे," वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. ते म्हणाले, ती कोपरा तुटलेली दिव्याच्या खांबाजवळची. पायरीसमोर बशीसारखी खोलगट होती ती, जिच्यात पाणी साचायचं. गड्याने दुसरी उचलली. ती नव्हे. तिसरी. तीही नव्हे. "अरे, बशी. बशी कळत नाही का तुम्हाला?" गड्यांना बशी काही सापडेना. एकतीस धुतलेल्या फरश्यांत सगळ्याच थोड्या थोड्या बशा दिसत होत्या. आजोबा खिडकीतून बोट दाखवत होते, डावीकडची, अरे माझी डावी, आणि खालचे पाचही जण पाच दिशांना बघत होते. शेवटी आजोबांनी असा काही सुस्कारा सोडला, जसा पत्त्यावर घराचा नंबर न लिहिणाऱ्यांवर ते आयुष्यभर सोडत आले होते, आणि खिडकीतून दिसेनासे झाले.

मग जिन्यात काठीचा आवाज.

एक पायरी. थांबणं. दुसरी पायरी. बाबांच्या हातातली कात्री कापडात अर्धी जाऊन थबकली. पुटपुटला धावत जाऊन हात धरावासा वाटला, पण मुकादमांनी नुसती मान हलवली, नको म्हणून. दारात आधी काठी आली, मग चप्पल, मग आजोबा. त्यांनी समोर बघितलं. फुटपाथ नव्हताच तिथे. नुसती ओली वाळू, दोरी, आणि त्यांची वाट बघणारे लोक. ते वाळूत उतरले.

"चाळीस वर्षं चाललोय यांच्यावर," ते म्हणाले. "तोंडाने ओळखत नसेन, पायाने ओळखतो."

पुढच्या तीन तासांसारखं काही त्या गल्लीने कधी पाहिलं नसेल. आजोबा वाळूत उभं राहून डोळे मिटायचे. इथे टाच जरा खाली जायची. इथे मी पाय तिरका टाकायचो, म्हणजे तिरकी आण. इथे सांध्यात काठी अडकायची, म्हणजे दोन आखूड शेजारी शेजारी. बाबा दुकान सोडून बाहेर आले आणि दोन फरश्यांच्या कडा जुळतात की नाही ते लांबूनच सांगू लागले, कापडाचे तुकडे जुळवावेत तसे. मुकादम पाणसळ ठेवायचे, हातोड्याने ठोकायचे आणि कान द्यायचे. नीट बसलेली फरशी ठप्प वाजते, खाली पोकळ असेल तर टक्क. सतरावी फरशी बसेपर्यंत पुटपुटला फरक कळायला लागला होता. चोविसावीपासून मुकादम ठोकून तिच्याकडे बघायचे आणि ती सांगायची. एकदाही चुकली नाही. बरं, एकदा चुकली.

एकतीस झाल्या आणि कडेला ती चार बोटं उरली. इतके दिवस मातीने झाकलेली, आता उघडी, लांबलचक, बारीक. मुकादमांनी दगडाची पट्टी छिन्नीने बरोबर मापाची काढली, खाली वाळू दाबली आणि मग जे केलं त्याने तिन्ही गड्यांचे डोळे विस्फारले. लाकडी हातोडा त्यांनी पुटपुटच्या हातात दिला.

"ही तू बसव. तूच शोधलीस."

तिने बसवली. ठोकली. टक्क. तिने पट्टी काढली, वाळू सारखी केली, परत बसवली. टक्क. हाताला फोड आला. तिसऱ्यांदा तिने वाळू हातोड्याने नाही, तळव्याने दाबली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि मग पट्टी ठेवून ठोकली.

ठप्प.

मुकादमांनी मिशांतल्या मिशांत काहीतरी केलं, जे हसण्याच्या बरंच जवळचं होतं.

आजोबा आले. सात महिन्यांपूर्वीच्या त्याच फरशीवर आधी काठी टेकली, मग एक पाय, मग दुसरा. मग, कोणाला काही कळायच्या आत, त्यांनी टाचा उचलून एक छोटीशी उडी मारल्यासारखं केलं. फरशी हलली नाही. ते हलले, थोडेसे, आणि सावरले. मागे वळून त्यांनी बाबांकडे बघितलं.

"मी जरा जाऊन येतो."

आणि गेले. काठी टेकत, घाई न करता, कोपऱ्यावरच्या बाकड्याकडे. तिथून म्हाताऱ्यांचा जो गलका उठला तो इथवर ऐकू आला. पुटपुट मागून गेली नाही. तिने फक्त कान देऊन ऐकलं. एकतीस फरश्यांवरून काठीचा आवाज, एकदाही टक्क नाही.

संध्याकाळी आजोबा जेवायला उशिरा आले आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली, सात महिन्यांत पहिल्यांदा. ते इतके खूश दिसत होते, की आईला धड रागावताही येईना. आई औषधांच्या दुकानात काम करत असे. पुटपुटने पुढे औषधांचंच शिकायचं हे आईने कधीचं मनाशी पक्कं केलं होतं. पांढऱ्या कोटासाठी दारामागची एक खुंटीसुद्धा तिने दोन वर्षांपासून मोकळी ठेवली होती. बाबांनी त्या कोटाचं कापड निवडून ठेवलं होतं.

पुटपुटने तळहातावरच्या फोडाकडे एकदा बघितलं, ताट थोडं पुढे सरकवलं आणि माईकची अजिबात गरज नसलेल्या आवाजात म्हणाली,

"आई, बाबा, माझं ठरलंय. दहावीनंतर मी रस्त्यांचं काम शिकणार आहे, इंजिनिअर बाई शिकल्या तिथे. आणि या सुट्टीत मुकादम काकांच्या टोळीबरोबर जाणार आहे, त्यांना विचारून झालंय. ते हो म्हणालेत, फक्त बादली आणायची नाही या अटीवर. ती खुंटी मोकळीच राहू दे आई. मला टोपी अडकवायला लागेल."